उघड गोष्टीचा पुरावा

शेतांत काम करतांना विळा लागला, चुलीपुढें बसलेल्या बाईचें बोट चिरलें, अगर खेळतांना मुलाचा गुडघा फुटला, तर मराठी घरांत पहिला हात जातो तो हळदीच्या डब्याकडे. चिमूटभर हळद जखमेवर दाबावयाची आणि वर चिंधी बांधावयाची, हा उपचार कोणीं कोणास व केव्हां शिकविला याची नोंद घरांत कोठेंही नसते. जी गोष्ट सर्वांस ठाऊक असते ती कोणी लिहून ठेवीत नाहीं. लिहून ठेवण्याचें कारणही कोणास वाटत नाहीं. परंतु एक वेळ अशी आली कीं, ही सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट खरोखरच पूर्वींपासून ठाऊक होती, हें परक्या कचेरींत कागदोपत्रीं सिद्ध करण्याची पाळी भारतावर आली. त्या प्रसंगाची हकीकत, आणि तिच्यामागें उभा असलेला ‘उघड कशाला म्हणावें’ हा कायद्यांतील जुना प्रश्न, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

परभणी जिल्ह्याशीं या प्रकरणाचा संबंध हळदीच्या वाटेनें येतो. वसमत तालुका हा १ मे १९९९ रोजीं हिंगोलीचा नवा जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच मोडत होता. हळदीचें पीक म्हणजे धीराचें काम. सुमारें नऊ महिने कंद जमिनीखालीं वाढावयाचे; मग ते खणून काढावयाचे, शिजवावयाचे, उन्हांत वाळवावयाचे आणि घांसून हळकुंडांना झळाळी आणावयाची. ‘पी हळद आणि हो गोरी’ असें उतावळ्या माणसास आपण म्हणतों तें हळद खाणाऱ्याविषयीं. ती पिकविणाऱ्याला उतावीळ होऊन चालतच नाहीं. याच वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ज्या मुलुखांत हळद पोत्यांनीं मोजली जाते, तेथें जखमेवर हळद लावण्याच्या ‘शोधाची’ मालकी सातासमुद्रांपलीकडे कोणास बहाल झाली आहे, ही वार्ता विनोदासारखी वाटावी. परंतु ती वार्ता खरी होती.

२८ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें ५४,०१,५०४ या क्रमांकाचें पेटंट दिलें. तें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नांवें होतें. त्यांत एकंदर सहा हक्क मागितलेले असून, जखम झालेल्या माणसास हळद देऊन, मग ती वरून लावलेली असो वा पोटांत घेतलेली असो, जखम भरून आणण्याची रीत हा त्यांचा गाभा होता. संशोधक दोघेही मूळचे भारतीय होते. तेव्हां परक्यांनीं अजाणतां केलेली ही चूक होती असें म्हणण्याची सोय नाहीं; घरचीच गोष्ट घरच्याच माणसांनीं दुसऱ्याच्या दारीं नेऊन नोंदविली होती.

येथें एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. त्या काळीं पुष्कळांस असें वाटलें कीं, आतां भारतांतील बाईला जखमेवर हळद लावण्यासही परवानगी घ्यावी लागणार. तसें कांहींच नव्हतें. पेटंट हें ज्या देशानें दिलें त्या देशापुरतेंच चालतें. वसमतच्या अगर सांगलीच्या घरांतील हळदीच्या डब्याला त्याचा स्पर्शही होणार नव्हता. मात्र जखमेवरील औषध म्हणून हळद अमेरिकेंत विकूं पाहणाऱ्याची वाट त्यामुळें अडली असती. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, एका मोठ्या राष्ट्राच्या सरकारी दप्तरांत ‘हें ज्ञान १९९५ पूर्वीं जगांत नव्हतें’ असा शेरा कायमचा राहिला असता. झगडा पैशाचा थोडा आणि या शेऱ्याचा फार होता.

पेटंट म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहिल्यावांचून पुढील विचार नीट कळणार नाहीं. पेटंट हा शोधक आणि समाज यांच्यामधील एक करार आहे. शोधकानें आपली युक्ति लपवून न ठेवतां संपूर्णपणें लिहून द्यावी, आणि त्याच्या मोबदल्यांत समाजानें कांहीं वर्षें, आजच्या कायद्याप्रमाणें २० वर्षें, ती युक्ति वापरण्याचा एकट्याचा हक्क त्याला द्यावा. मुदत संपली कीं युक्ति सर्वांची. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १४७४ सालीं केलेल्या कायद्यापासून हीच कल्पना निरनिराळ्या रूपांनीं चालत आली आहे. करार न्याय्य व्हावयाचा तर शोधकानें समाजाला खरोखर कांहीं तरी नवें दिलें पाहिजे. जें समाजापाशीं होतेंच, तें त्यालाच परत देऊन वर मोबदला घेणें हा करार नव्हे.

म्हणून कायदा तीन प्रश्न विचारतो. वस्तु नवी आहे काय? ती उपयोगी आहे काय? आणि ती नवी असली तरी, त्या धंद्यांतील साधारण जाणत्या माणसास सहज सुचण्याजोगी होती काय? पहिले दोन प्रश्न तुलनेनें सोपे आहेत. सगळी भांडणें होतात तीं तिसऱ्या प्रश्नावर. कारण ‘सहज सुचण्याजोगें’ हें फूटपट्टीनें मोजतां येत नाहीं. आणि उत्तर समोर दिसल्यावर प्रत्येकच कोडें सोपें वाटूं लागतें.

हा तिसरा प्रश्न न्यायालयांत ठळकपणें उभा राहिला तो दाराच्या मुठीवरून. अमेरिकेंत दाराच्या मुठी पूर्वीं लांकडाच्या व धातूच्या करीत. कोणीं तरी ती मूठ भाजलेल्या मातीची केली आणि पेटंट मिळविलें. १८५१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मूठ जुनी, माती जुनी, आणि मूठ बसविण्याची तऱ्हाही जुनी. यांत कसबी कारागिराचें काम दिसतें, शोधकाचें नव्हे. याच विचाराला १९५२ सालच्या अमेरिकन कायद्यांत लेखी रूप मिळालें. पुढें २१ फेब्रुवारी १९६६ रोजीं त्याच न्यायालयानें एकाच दिवशीं दोन परस्परविरुद्ध निकाल देऊन हें तत्त्व जणूं फळ्यावर लिहून दाखविलें. पहिला खटला नांगराचा होता. दगडाळ जमिनींत नांगराचा दांडा मोडूं नये म्हणून त्याच्या पकडींत केलेला बदल न्यायालयानें सहज सुचणारा ठरवून पेटंट रद्द केलें. दुसरा खटला विद्युत्घटाचा, म्हणजे बॅटरीचा होता. त्यांतील मॅग्नेशियम व तांब्याचा क्षार हे दोन्ही पदार्थ पूर्वींपासून माहीत होते. परंतु ते एकत्र आणून नुसतें पाणी ओततांच चालू होणारा घट बनेल, यावर सैन्याच्या तज्ज्ञांचा प्रथम विश्वासच बसला नव्हता. जाणत्यांनींच जें अशक्य मानलें तें उघड कसें म्हणावयाचें? तें पेटंट टिकलें. तात्पर्य, सामान जुनें कीं नवें एवढ्यावर निवाडा होत नाहीं. तें सामान एकत्र आणल्यावर काय घडेल याचा अंदाज जाणत्याला आधीं होता कीं नाहीं, यावर तो होतो.

भारतांतही हा विचार याच वाटेनें आला. १९११ सालचा पेटंटचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. परभणी तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें त्याच्या कक्षेबाहेर होती. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ति अय्यंगार यांनीं १९५९ सालीं या विषयावर सविस्तर अहवाल दिला, त्यांतून १९७० सालचा कायदा निघाला, आणि तो २० एप्रिल १९७२ पासून अमलांत आला. योगायोग असा कीं, परभणीचें कृषि विद्यापीठ त्याच उन्हाळ्यांत, १८ मे १९७२ रोजीं, स्थापन झालें.

उघडपणाच्या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल भांड्यांच्या धंद्यांतून आला. मिर्झापूर येथील एका कारखान्यानें लेथवर भांडें घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचें पेटंट १९५१ सालीं मागितलें होतें. त्यावरून झालेल्या तंट्याचा शेवट १३ डिसेंबर १९७८ रोजीं झाला. जुन्याच साधनांची जुळणी करून केलेली ही सुधारणा कारखान्यांतील रोजच्या कौशल्याच्या पलीकडे जात नाहीं, असें म्हणून न्यायालयानें तें पेटंट अवैध ठरविलें. एका पकडीच्या उघडपणाचा निर्णय लागावयास २५ वर्षांहून अधिक काळ लोटला, यावरून हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं हें ध्यानांत येईल.

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती मिश्रणांच्या धंद्यांत. आणि मिश्रणांतही सर्वांत कठीण प्रकरण म्हणजे कारखान्यांत बनणाऱ्या राळेचें. राळ म्हटली कीं डोळ्यांपुढें झाडाचा चीक येतो. पण ज्याला आज सर्रास प्लॅस्टिक म्हणतात, त्याच्या मूळ पदार्थालाही राळच म्हणतात. तिच्या दोन जाती आहेत. एक बेकेलाइटसारखी, एकदां घट्ट झाली कीं पुन्हां तापविली तरी वितळत नाहीं. विजेचीं जुनीं काळीं बटणें अशा राळेचीं असत. दुसरी जात पार्सलावर मोहोर करावयाच्या लाखेप्रमाणें. तापविली कीं मऊ, निवाली कीं कडक, आणि पुन्हां तापविली कीं पुन्हां मऊ. बादली, खुर्ची, शेतांतील ठिबकाची नळी, मोटारीचे सुटे भाग व यंत्रांचीं आवरणें बहुतेक या दुसऱ्या जातीचीं असतात.

आतां सामान्य बुद्धीला असें वाटेल कीं, एक राळ चिवट आहे आणि दुसरी उष्णता सोसणारी आहे, तर दोन्ही एकत्र वितळवाव्या कीं झालें! स्वयंपाकघरांत तर हेंच चालतें. परंतु राळेचा स्वभाव असा नाहीं. साखर पाण्यांत विरघळते, कारण तिचे कण लहान व सुटे असतात. राळेचा प्रत्येक रेणु म्हणजे हजारों मण्यांची लांबच लांब माळ. अशा दोन निराळ्या जातींच्या माळा सहसा एकमेकींत मिसळत नाहींत. वितळवून ढवळल्या तरी निवतांना आपापले गट करून वेगळ्या होतात; त्यांच्या सीमेवर जोड कच्चा राहतो, आणि तयार झालेली वस्तु दोन्ही मूळ राळांहून ठिसूळ निघते. मिसळणें सोपें, पण मिसळून टिकणें कठीण, असा हा प्रकार आहे.

याला एक नामांकित अपवाद आहे. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनींत ॲलन हे या रसायनशास्त्रज्ञानें १९५६ सालीं पॉलिफेनिलीन ऑक्साइड नांवाची राळ बनविण्याची रीत शोधली. ती उष्णता उत्तम सोसे. सुमारें २१० अंश सेल्सिअसपर्यंत ती मऊच पडत नसे. परंतु याच गुणामुळें तिला साच्यांत ओतणें मोठें जिकिरीचें होई. पुढें असें आढळलें कीं, पॉलिस्टायरीन या साध्या व स्वस्त राळेशीं ती कोणत्याही प्रमाणांत अगदीं एकजीव होते, आणि मिश्रण साच्यांत सुखानें वाहतें. या मिश्रणाचें पेटंट १९६८ सालीं मिळालें; नोरिल या नांवानें तें १९६६ पासूनच बाजारांत आलें होतें. यांतील दोन्ही राळा जुन्या होत्या. परंतु दोन निराळ्या राळा सहसा एकजीव होत नाहींत, हेंच जाणत्यांचें ज्ञान असल्यामुळें, त्या होतात हें कळणें हें खरें नवें ज्ञान होतें.

मात्र प्रत्येक मिश्रणाचें नशीब असें नसतें. एका जुन्या कागदांत अमुक राळ व रबर यांचें मिश्रण सांगितलेलें असतें. दुसऱ्यांत त्याच राळेंत आग रोधणारा क्षार घातलेला असतो. आणि तिसरा इसम येऊन तिन्ही एकत्र करतो, शंभरांत इतके भाग व तितके भाग अशीं प्रमाणें लिहितो व पेटंट मागतो. परीक्षक म्हणतो कीं, दोन्ही कागद हातीं असलेल्या कोणाही जाणत्याला हें सुचलें असतें. अर्जदार म्हणतो कीं, ते दोन कागद एकत्र ठेवण्याचें कारणच कोणास नव्हतें. आपण आतां निकाल पाहून शहाणे झालां आहां. मग तुलनेचे तक्ते पुढें येतात; कोणत्या नमुन्यानें हातोड्याचा घाव किती सोसला, कोणता किती अंशावर वाकला. अपेक्षेप्रमाणें बेरीज झाली असेल तर अर्ज पडतो. अपेक्षेपलीकडे कांहीं घडलें असेल तर टिकतो. नुसतें उत्तम प्रमाण शोधून काढणें म्हणजे शोध नव्हे, असा दंडक अमेरिकेच्या न्यायालयानें १९५५ सालीं फिनॉल बनविण्याच्या एका प्रकरणांत घालून दिला. आणि एकाच कामाच्या दोन जुन्या वस्तु त्याच कामासाठीं एकत्र करणें हें प्रथमदर्शनीं उघडच होय, असें १९८० सालीं धुण्याच्या भुकटीच्या प्रकरणांत सांगितलें. २००७ सालीं मोटारीच्या पायदाबाच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही कसोटी आणखी कडक केली. भारताच्या १९७० च्या कायद्यानें तर ही गोष्ट कलमांतच घातली आहे. घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होणारें साधें मिश्रण हा शोधच नव्हे, असें त्याचें ३ (ई) कलम म्हणतें. एक आणि एक मिळून दोनच होत असतील तर पेटंट नाहीं. अकरा होत असतील तर विचार होईल.

राळेची ही चर्चा हळदीपासून दूरची वाटेल. पण दोहोंची गांठ पुण्यांत पडते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजीं सुरू झाली. गोमंतकांतील माशेल गांवीं १९४३ सालीं जन्मलेले आणि मुंबईंत कष्टानें शिकलेले डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर १९८९ सालीं तिचे संचालक झाले. त्यांचा स्वतःचा विषय पॉलिमर, म्हणजे याच लांब माळांच्या राळांचा. या प्रयोगशाळेनें परदेशीं पेटंटें मिळविण्याचा धडाका लावला, आणि पॉलिकार्बोनेट या राळेसंबंधींच्या तिच्या पेटंटांचा परवाना खुद्द जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें घेतला. उघड काय आणि अनपेक्षित काय हा भेद ज्यांना आपल्या रोजच्या कामांत करावा लागत होता, त्याच मंडळींपैकीं एक गृहस्थ १९९५ सालीं दिल्लीस वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. हळदीच्या पेटंटाची वार्ता आली ती त्यांच्या कारकीर्दींत.

परिषदेनें सभा भरविल्या नाहींत कीं मोर्चे काढले नाहींत. २८ ऑक्टोबर १९९६ रोजीं तिनें अमेरिकेच्या पेटंट कचेरीकडे फेरतपासणीचा रीतसर अर्ज केला. येथें खरी अडचण उभी राहिली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यांत असा भेद होता कीं, एखादी गोष्ट अमेरिकेंत कोणास माहीत असली अगर कोणी वापरीत असला तर तेवढें पुरे. परंतु परदेशांत ती केवळ माहीत अगर वापरांत असून भागत नसे. परदेशचें ज्ञान छापील ग्रंथांत अगर पेटंटांत असलें तरच त्याची गणना होई. म्हणजे भारतांतील कोट्यवधि घरांत रोज लावली जाणारी हळद पुराव्याच्या दृष्टीनें शून्य. आजीची साक्ष निरुपयोगी, आणि धूळ खात पडलेल्या एखाद्या मासिकाचें पान मोलाचें!

अखेर शोध सुरू झाला तो जखमेच्या औषधाचा नव्हे, तर छापील पानांचा. संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथ आणि इतर प्रकाशनें धुंडाळून ३२ आधार गोळा करण्यांत आले. त्यांतील कांहीं शंभर वर्षांहून जुने होते; भारतीय वैद्यक संघटनेच्या (इंडियन मेडिकल असोसिएशनच्या) इंग्रजी नियतकालिकांत १९५३ सालीं आलेला एक लेखही त्यांत होता. इंग्रजींत नसलेले आधार भाषांतर करून जोडावे लागले.

पेटंटाच्या बाजूनें जो युक्तिवाद झाला, तो राळेच्या तंट्यांची ओळख असलेल्यास नवा वाटणार नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, जुन्या ग्रंथांत आहे तो हळदीचा लेप. पेटंटांत आहे तें चूर्ण. दोहोंचे भौतिक गुणधर्म निराळे, शरीरांत शोषलें जाण्याचें प्रमाण निराळें; तेव्हां लेपानें जें होतें तें चूर्णानेंही होईल, असें जाणत्यालाही खात्रीनें सांगतां आलें नसतें. युक्तिवाद चतुर होता. राळेच्या बाबतींत रूप बदललें कीं गुण बदलतो, आणि तेथें असें म्हणणाऱ्यास कचेरी ऐकून घेते. परंतु तेथेंही नुसतें म्हणून चालत नाहीं. अनपेक्षित असें काय घडलें तें दाखवावें लागतें. परीक्षकानें पुढें आलेले आधार पाहून हा युक्तिवाद अमान्य केला. पेटंटांतील गोष्ट पूर्वींच सांगितलेली होती आणि जाणत्याला उघडही होती, असा निर्णय ऑगस्ट १९९७ मध्यें झाला. आणि सर्व सहाही हक्क रद्द झाल्याचें प्रमाणपत्र एप्रिल १९९८ मध्यें निघालें. एका विकसनशील देशाच्या परंपरागत ज्ञानाच्या आधारें अमेरिकन पेटंट अशा रीतीनें रद्द होण्याचें हें पहिलें उदाहरण म्हणून गाजलें, आणि लोकांनीं त्याला हळदीघाटाची दुसरी लढाई असें नांव दिलें.

याच सुमारास युरोपांत कडुनिंबाचा तंटा चालू होता. निंबाच्या तेलापासून बुरशीनाशक बनविण्याचें एक पेटंट अमेरिकेचें शेतकी खातें व एक मोठी कंपनी यांस मिळालें होतें. युरोपच्या कायद्यांत जगांत कोठेंही उघडपणें झालेला वापर पुरावा म्हणून चालतो. त्यामुळें म्यूनिच येथें पुण्याच्या एका उद्योजकाची साक्ष झाली. असा पदार्थ आपण पूर्वींच तयार केला होता, हें त्यानें सांगितलें. मे २००० मध्यें तें पेटंट रद्द झालें आणि ८ मार्च २००५ रोजीं त्यावरील अपीलही फेटाळलें गेलें. हळदीच्या बाबतींत माणसाचा शब्द चालला नाहीं, निंबाच्या बाबतींत चालला. भेद सत्याचा नव्हता, पुराव्याच्या नियमाचा होता. अमेरिकेनेंही २०११ च्या कायद्यानें आपला जुना भेद काढून टाकला आणि मार्च २०१३ पासून कोणत्याही देशांतील सार्वजनिक वापर तेथें जमेस धरला जाऊं लागला.

या अनुभवापासून भारतानें दोन धडे घेतले. पहिला कायद्याचा. परंपरागत ज्ञान अगर त्याचा नुसता पुनरुच्चार हा शोध नव्हे, असें स्पष्ट कलम २००२ सालच्या दुरुस्तीनें आपल्या कायद्यांत आलें व २० मे २००३ पासून लागू झालें. दुसरा धडा लेखणीचा. परंपरागत ज्ञानाचा संगणकीय ग्रंथसंग्रह उभारण्याचें काम २००१ सालीं सुरू झालें. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादि ग्रंथांतील योग त्यांत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या पांच भाषांत मांडले जातात. २००९ सालीं तो युरोपच्या पेटंट कचेरीस खुला झाला, म्हणजे पेटंट देण्यापूर्वींच परीक्षकास जुनें पान सांपडावें. आग लागल्यावर विहीर खणण्यापेक्षां हें बरें.

तथापि या विजयाचा अर्थ ताणूं नये. हळदीचें नांव आलें कीं प्रत्येक पेटंट म्हणजे चोरी, असें समजणें हीही चूकच. हळदींतील पिवळें द्रव्य शरीरांत फार थोडें शोषलें जातें, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. कोणी खरोखर नवी युक्ति काढून तें अनपेक्षित प्रमाणांत शोषलें जाईल असें केलें, आणि तें आंकड्यांनीं दाखविलें, तर दोन राळा एकजीव करणाऱ्यास जो न्याय मिळाला तोच त्यालाही मिळावयास हवा. जो नियम आपल्या आजीच्या बटव्याचें रक्षण करतो, तोच नियम परभणीच्या विद्यापीठांतील अगर पुण्याच्या प्रयोगशाळेंतील संशोधकालाही लागू आहे. तो आपल्या सोयीनें वांकविल्यास दोन्हीकडून नुकसान होईल.

आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ग्रंथसंग्रहांत आलें तें ग्रंथांतलें ज्ञान. जें कधीं ग्रंथांत गेलेंच नाहीं त्याचें काय? हळदीचा कंद किती शिजला म्हणजे पुरे, हें कढईवरील वाफेवरून ओळखणारा शेतकरी, बेणें कसें राखावें हें जाणणारी त्याची घरधनीण, गुरांच्या जखमेंत हळदीबरोबर काय घालावें हें सांगणारा म्हातारा, यांचें ज्ञान अजून पुष्कळसें तोंडींच आहे. भौगोलिक मानांकनानें वसमत हें नांव सुरक्षित झालें. त्या नांवामागची समज त्यानें लिहिली जात नाहीं. घरोघरचीं शिकलेलीं मुलें सुटीत गांवीं जातात. त्यांनीं एक वही घ्यावी, वडील माणसांजवळ बसावें, आणि कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं, कोणीं काय सांगितलें, तें साध्या शब्दांत उतरून घ्यावें व एखाद्या वाचनालयांत अगर विद्यापीठांत ठेवावें. १९९६ सालीं दिल्लीच्या मंडळींना जीं पानें शोधावीं लागलीं, तीं अशाच कोणीं तरी पूर्वीं लिहून ठेविलीं होतीं.